अण्णांचे खिसे

आमच्या दाराशी, चपलांच्या मांडणीवर, स्टीलची एक लहान ताटली असते. तिच्यात एक पांढरा चार्जर पडलेला आहे. घरातल्या कुठल्याच फोनला तो लागत नाही. कामाला येणाऱ्या मावशी रोज चार्जर उचलतात, ताटली पुसतात आणि चार्जर पुन्हा तिच्यात ठेवतात. नवीन लागल्या तेव्हा त्यांनी एकदा विचारलं होतं, "हे टाकून देऊ का?" मी नको म्हटलं. का नको, ते त्यांनी विचारलं नाही. शनिवार पेठेत कामं करून एवढं त्या शिकल्या आहेत.

ताटली अण्णांची. अण्णा म्हणजे माझे सासरे, सुजाताचे वडील.

अण्णा कुणाच्याही घरी गेले, अगदी स्वतःच्या घरी आले तरी, दाराबाहेर आधी चपला काढत आणि मग खिसे रिकामे करत. पांढऱ्या शर्टाला शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले दोन खिसे, लेंग्याला एक. तंबाखूची डबी, किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल, बटणांचा फोन, कधी एखादी सुपारी. हे सगळं दारातल्या स्टुलावर, नाहीतर जिन्याच्या कठड्यावर ओळीने मांडायचं. मग दोन्ही हात छातीपासून कमरेपर्यंत शर्टावरून फिरवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. निघताना त्याच क्रमाने सगळं परत खिशात.

त्यांची सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली. तिथे आत जाताना दारावर झडती असे. काडेपेटी, विडी, लोखंडाचा एखादा तुकडा, काहीही आत न्यायची सोय नाही. आयुष्यभर रोज सकाळी खिसे रिकामे करून माणूस कामावर गेला, आणि निवृत्त झाल्यावर सवय काही त्याला सोडेना. देवळातही तेच, डॉक्टरकडेही तेच. बँकेच्या दारात अण्णांनी खिशात हात घालून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली तेव्हा तिथला रखवालदार घाबरून उठून उभा राहिला होता, असं सुजाता सांगायची आणि स्वतःच हसायची.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईने हा सगळा कार्यक्रम दारात उभं राहून पाहिला. मग म्हणाली, "अहो, हे घर आहे. विमानतळ नव्हे."

"सवय हाय," अण्णा म्हणाले आणि आत येऊन बसले.

 पुढच्या वेळी ते आले तेव्हा आईने मांडणीवर ही ताटली ठेवली होती. माझ्या आईने कुणाला आपलं मानलं की ती तोंडाने तसं म्हणत नाही, भांडं काढते.

अण्णांची दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना घाई नव्हती. कशाचीच नव्हती. चहाचा कप हातात घेतला की तो संपेपर्यंत माझ्या आईची निवडायला घेतलेली मेथीची जुडी संपायची. "तुझे सासरे चहा पितात की वाचतात?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. काही विचारलं तर ते आधी समोरच्याकडे बघत, मग जमिनीकडे, मग पुन्हा समोरच्याकडे, आणि तोवर आपण काय विचारलं होतं ते आपल्यालाच आठवेनासं व्हायचं. स्कूटर चालवत ती रस्त्याच्या अगदी कडेने. मागून कुणी भोंगा बडवत आला की हाताने त्याला पुढे जायची खूण करत आणि मागे बसलेल्याला सांगत, "जाऊ द्या. त्याचं घर पेटलं असंल."

घाई करणाऱ्या माणसाला ते एकच वाक्य ऐकवत. "बोटं मोजा." पहिल्यांदा मला ते कळलं नाही. सुजाताने समजावलं. कारखान्यात ज्यांनी ज्यांनी घाई केली त्यांची बोटं गेली, कुणाचं एक, कुणाची दोन. अण्णांच्या दहाच्या दहा शाबूत होती. याचा त्यांना अभिमान होता, आणि आयुष्यात त्यांनी बाळगलेला अभिमान तेवढाच.

आमचं लग्न ठरलं तेही असंच. मी कळसला त्यांच्या घरी गेलो होतो. जात वेगळी, पेठ वेगळी, बोली वेगळी. मी घरून भाषणाची तयारी करून गेलो होतो. दारात अण्णांनी माझ्या खिशांकडे पाहिलं, म्हणून मीही माझं पाकीट आणि गाडीची किल्ली काढून त्यांच्या वस्तूंशेजारी ठेवली. त्याने काय झालं कोण जाणे, पण आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून आत पळाल्या. माझं भाषण झालं. अण्णांनी चहा पिऊन संपवला. मग म्हणाले, "घाई हाय का?"

"नाही," मी म्हणालो. खरं तर होती.

"मग हरकत न्हाई."

नंतर सुजाताने सांगितलं की अण्णांच्या दारात कुणी न सांगता खिसे रिकामे करणारा पहिला मीच. परीक्षा तिथेच संपली होती, भाषण फुकट गेलं.

आगीपासून ते लांब राहत. गॅस आक्का पेटवायच्या, देवापुढची निरांजनंही त्याच. कुणी काडी ओढली की अण्णा न बोलता दोन पावलं मागे सरकत. दिवाळीत मुलं खाली फुलबाज्या उडवत आणि हे गॅलरीत. सुजाता त्यांना चिडवायची, "अख्ख्या फौजेला दारूगोळा दिलात, मला आयुष्यात एक लवंगी माळ नाही दिलीत." त्यावर अण्णा हसत. आवाज न करता, खांदे हलवून हसत.

कळसला नदीच्या बाजूला त्यांची जमीन होती. गाव शहरात गेलं, जमिनीवर इमारत आली आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर अण्णांच्या वाट्याला आलं. याबद्दल त्यांना कुणी बोलतं करायचा प्रयत्न केला तर म्हणत, "पाणी चोवीस तास असतं." शेतातलं म्हणून त्यांनी एकच गोष्ट वर आणली होती, वडिलांची पाभर. पाभर म्हणजे बी पेरायचं लाकडी अवजार, वर बी सोडायचं चाडं, खाली ते जमिनीत नेणाऱ्या नळ्या. एरवी बैलांच्या मागे चालायची ती इथे गॅलरीत उभी राहिली आणि तिच्यावर कपडे वाळायला लागले. सुजाता दोन्ही बाळंतपणांना माहेरी होती. आधी मुक्ताची आणि मग ईशानची दुपटी त्या पाभरीवर वाळली आहेत. पुढे नगर रस्त्याला, वाघोलीच्याही पलीकडे, कुणी शेतीचं संग्रहालय काढलं. ते लोक गावोगाव जुनी अवजारं मागत फिरत होते. अण्णांकडेही आले. अण्णा म्हणाले, "बघू." ते लोक नंतर बऱ्याच दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा अण्णांनी पाभरीवरचे कपडे काढून दोरीवर टाकले आणि ती त्यांना उचलू दिली.

"बघायला जायचं का?" सुजाता त्यांना अधूनमधून विचारायची. "जाऊ की," असं ते म्हणत. घाई कुणालाच नव्हती.

सुजाता गेली ती तापाने. आधी घरी औषध घेत होती, मग दवाखान्यात न्यावं लागलं, मग अतिदक्षता विभागात, आणि मग संपलं. आठवडासुद्धा झाला नाही. ईशान तेव्हा बालवाडीत होता, मुक्ता दुसरीत.

त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. आपल्याला काही वाटत नाही आहे, एवढं आठवतं. लोक येत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवत होते, आणि तो खांदा दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं वाटत होतं. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या आठवतात. स्मशानात मी अग्नी दिला. अण्णा माझ्या शेजारी उभे होते. ज्वाळ उठली तेव्हा ते दोन पावलं मागे जातील असं मला वाटलं, आणि मी त्यांना वाट करून देण्यासाठी बाजूला झालो. ते मागे गेले नाहीत. होते तिथेच उभे राहिले.

घरी परत आलो तेव्हा त्याही दिवशी त्यांनी दारात खिसे रिकामे केले. ते करत असतानाच ईशान आतून धावत आला आणि त्याने विचारलं, "आई कुठाय?"

दारात आम्ही चारपाच माणसं होतो. मी वाकून चपलेचा पट्टा सोडवायला लागलो. आणि अण्णा, ज्यांच्या उत्तराची वाट बघताना लोकांचे चहा निवून जात, ते पटकन म्हणाले, "गावाला गेली."

"कुठल्या गावाला?"

"लांबच्या."

ईशान "बरं" म्हणाला आणि खेळायला गेला. सगळ्यांनी श्वास सोडला. माझी आई अण्णांना हळूच म्हणाली, "बरं केलंत." अण्णांनी ते ऐकलंसं वाटलं नाही. त्यांच्या हातात तंबाखूची डबी होती. ती ताटलीत ठेवायची होती, पण ते तशीच हातात धरून आत येऊन बसले.

मग ते घरातलं अधिकृत उत्तर झालं. आई गावाला गेली आहे. येणाराजाणारा प्रत्येकजण तेच सांगायचा. मुक्ताला खरं माहीत होतं. तिला आम्ही धाकट्यापुढे बोलू नकोस म्हणून बजावलं होतं. ती बोलली नाही, पण खेळात खोटं खेळणाऱ्या मुलांकडे बघावं तशी आमच्याकडे बघायची. ईशानने एकदा विचारलं, "आई फोन का करत नाही?" माझी आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "चार्जिंग संपलं असेल रे तिचं." त्यावर त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली.

तेरावा झाला. आता दुखवटा काढायचा होता. ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांनी आपणहून आनंदाच्या ठिकाणी जायचं नसतं. सोयऱ्यांपैकी कुणीतरी येतं, नवे कपडे देतं, गोड खायला घालतं आणि हाताला धरून बाहेर नेतं. मग त्या घराला पुन्हा हसायची-फिरायची मोकळीक होते. अण्णांच्या लहानपणी यासाठी देवळात नेत, पुढे सिनेमाला नेऊ लागले. मुलांचं आजोळ म्हणून हे काम अण्णांचं होतं. ज्याची मुलगी गेली त्यानेच जावयाचं दुःख काढायला यायचं, हे त्या वेळी मला विचित्र वाटलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं.

"सिनेमा नको बाई," माझी आई म्हणाली. "हल्ली सिनेमात कोण कधी मरेल, सांगता येत नाही."

अण्णा जमिनीकडे बघून म्हणाले, "पाभर बघायला नेतो."

रविवारी सकाळी ते आणि आक्का आले. मला टॉवेल-टोपी, मुक्ताला फ्रॉक, ईशानला चौकड्यांचा शर्ट. आक्कांनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. मुलांना कपडे घालताना आक्का म्हणाल्या, "आज आपण गाव बघायला जायचं बरं का. तिथं बैल हायेत, विहीर हाय." संग्रहालयात जुन्या खेड्यासारखं खेडं उभारलेलं आहे, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ईशान एरवी कपडे घालताना घरभर पळतो. त्या दिवशी शहाण्यासारखा उभा राहिला. मग आतल्या खोलीत जाऊन कापडाची एक पिशवी घेऊन आला. तिला त्याने स्वतःच गाठ मारली होती. पिशवीत काय आहे, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. खेळणी असतील, असं मला वाटलं.

माझी आई घरीच थांबली. मी नवी टोपी घालून गाडी चालवली. शेजारी अण्णा, मागे आक्का आणि मुलं. येरवडा गेलं, विमाननगर गेलं.  ईशान खिडकीला नाक लावून बसला होता. वाघोलीच्या गर्दीत त्याने एकदाच विचारलं, "आलं का गाव?"

"येतंय," आक्का म्हणाल्या.

संग्रहालय म्हणजे मोठं आवार होतं. बाहेर तिकीट, आत एका लांबलचक शेडमध्ये अवजारं, त्याच्या मागे बैलगाडीची फेरी, आणि टोकाला ते खेडं. जागोजागी पाट्या होत्या. "पुतळ्यांच्या मांडीवर बसू नये." "बैलांना वेफर्स घालू नयेत." "विहीर नकली आहे, पाणी मागू नये." मुक्ता सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत चालली होती. पाट्या लावणारा माणूस नक्की आमच्या भागातला असणार. एरवी सुजाताने त्या पाट्यांचे फोटो काढले असते.

पाभर आम्हाला लगेच सापडली. दोरीच्या पलीकडे उभी होती. तिला चकचकीत तपकिरी रंग दिला होता, नळ्या काळ्या केल्या होत्या. शेजारी पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहिलं होतं. अण्णा दोरीपाशी उभे राहिले. मी, मुक्ता आणि आक्का त्यांच्या मागे. बराच वेळ गेला. शाळेच्या सहलीतली पोरं आमच्या बाजूने आरडाओरडा करत गेली.

"रंग दिलाय," अण्णा म्हणाले.

"चांगला दिसतोय," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

आक्कांनी दोरीवरून हात घालून पाभरीच्या आडव्या दांडीला लावला. जिथे दुपटी वाळायची तिथे. रखवालदाराने शिट्टी मारली. आक्कांनी हात मागे घेतला. त्याच वेळी मुक्ता म्हणाली, "ईशान कुठे आहे?"

तो तिथे नव्हता. मी धावलो. धावताना टोपी पडली, ती उचलायला थांबलो, आणि आपण टोपी उचलायला का थांबलो, हे मला आजही कळत नाही. बैलगाडीपाशी तो नव्हता. विहिरीपाशी नव्हता. मी खेड्यात शिरलो.

तिथे दोन्ही बाजूंना मातीची बुटकी घरं होती आणि घराघरात माणसाएवढे पुतळे. कुंभार चाकावर, लोहार भात्यापाशी, एक बाई जात्यावर, एक ताक घुसळणारी. ईशान मला लांबून दिसला. तो एकेका घराच्या दारात जात होता, आत डोकावत होता, आणि पुढच्या घराकडे वळत होता. न रडता, न घाबरता. पत्ता शोधणारा माणूस फिरतो तसा फिरत होता. मी हाक मारली नाही. तो काय शोधतोय ते मला तोवर समजलं होतं.

शेवटच्या घरात एक बाई चुलीपुढे बसली होती. दाराकडे पाठ, डोक्यावरून पदर. बाकीच्यांची तोंडं दिसत होती, हिचं दिसत नव्हतं. ईशान उंबऱ्याबाहेर थांबला. त्याने चपला काढल्या. पिशवीची गाठ सोडली. आतून सुजाताच्या फोनचा चार्जर काढला आणि हात पुढे करून म्हणाला, "आई, तुझा चार्जर आणलाय."

मुक्ता माझ्या मागून आली होती. "तो पुतळा आहे, वेड्या," ती म्हणाली. 

ईशान हात खाली घेईना. बाई वळेल म्हणून वाट बघत राहिला.

तेवढ्यात अण्णा आले. मी धावत आलो होतो, ते चालतच आले होते. ते माझ्या बाजूने पुढे गेले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ईशानजवळ जाऊन गुडघ्यांवर हात टेकत कसेबसे खाली बसले. दोघांची डोकी एका उंचीला आली. अण्णा आधी त्याच्याकडे बघत राहिले, मग जमिनीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. मला वाटलं आता ते म्हणतील, हे गाव नव्हे, ते गाव लांब आहे. तसं म्हटलं असतं तर आम्ही सगळे पुन्हा सुटलो असतो.

"आई हितं न्हाई," अण्णा म्हणाले. "आई गावाला गेलीच न्हाई. आई मेली, बाळा. मी तुला खोटं सांगितलं."

ईशानने त्यांच्याकडे नीट बघितलं. "का?"

अण्णांनी पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणाले, "घाई झाली माझी."

"मग ती कधी येणार?"

"येणार न्हाई."

"दिवाळीला?"

"दिवाळीलाबी न्हाई. कधीच न्हाई."

ईशानने हातातल्या चार्जरकडे बघितलं. "मग हा?"

"माझ्याकडं दे," अण्णा म्हणाले. "मी सांभाळतो."

ईशानने तो दिला. अण्णांनी वायर नीट गुंडाळली आणि चार्जर शर्टाच्या डाव्या खिशात ठेवला. मग त्यांना उठता येईना. मी पुढे झालो आणि हात दिला.  मुक्ताने ईशानला चपला घातल्या. घालता घालता तिने अण्णांना विचारलं, "आता मी बोलले तरी चालेल ना?"

"चालंल," अण्णा म्हणाले. "सगळ्यांना सांग."

दुखवटा काढायचा तर गोड खायला हवं, म्हणून आक्कांनी तिथल्या खानावळीत पुरणपोळी मागवली. आम्ही ती खाल्ली. मुलांना बैलगाडीत बसवलं. मुक्ता एका बैलाशी बोलत होती, सगळं सांगत होती. परत येताना ईशान झोपला, आणि येरवड्याच्या सिग्नलला जागा झाला. त्याची एक चप्पल सापडत नव्हती. त्यावरून तो रडायला लागला, आणि मग थांबेचना. चप्पल सापडली तरी थांबेना. मुक्ताही रडू लागली. मी मागे वळून गप्प करायला निघालो, तर अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"रडू द्या. तुमी गाडी चालवा."

मी गाडी चालवत राहिलो. मला रडू आलं नाही. ते पुढे कधीतरी आलं, भाजी घेताना, आणि त्याचा इथे संबंध नाही.

त्यानंतर अण्णा दर रविवारी येऊ लागले. दारात खिसे रिकामे व्हायचे. डबी, किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल, फोन, आणि शेवटी चार्जर. ईशान ताटलीपाशी उभा राहून बघायचा. चार्जर दिसला की आत जायचा.  पुढे तो मोठा झाला, दारात येईनासा झाला, आतूनच "अण्णा आले का?" म्हणून ओरडायचा. तरी चार्जर दर वेळी ताटलीत यायचाच. अण्णांचा फोन बटणांचा. त्याला तो लागायचा नाही. माझ्या आईने एकदा त्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि ताटली आणखी लख्ख घासून आणली.

अण्णा गेले हे मी ईशानला शाळेच्या फाटकाबाहेर सांगितलं. "अण्णा मेले," असंच सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग स्कूटरवर मागे बसला आणि शनिवार पेठ येईपर्यंत त्याने माझा शर्ट मुठीत धरून ठेवला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी सकाळी. दवाखान्यात हृदयाची तपासणी होती. आक्का बाकावर बसल्या होत्या, मी तपासणीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो. नर्स घाईत होत्या. "आजोबा, पटपट चला, डॉक्टर थांबलेत."

अण्णा थांबले. "सिस्टर, बोटं दाखवा बघू."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी दोन्ही हात पुढे केले. अण्णांनी नजरेने मोजली. "हायत सगळी. जपा."

मग त्यांनी खिसे रिकामे करायला घेतले. तिथे ना स्टूल, ना ताटली. मी ओंजळ पुढे केली. डबी, किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल, फोन. शेवटी डाव्या खिशातून चार्जर निघाला.

"हा कशाला आणलात आजोबा?" नर्स म्हणाल्या. "तुमच्या फोनचा नाही वाटतं."

"नातवाचा हाय," अण्णा म्हणाले. "सांभाळायला दिलाय."

त्यांनी तो माझ्या ओंजळीत सगळ्यांच्या वर ठेवला. वायर सुटली होती, ती पुन्हा गुंडाळली. मग दोन्ही हात छातीपासून कमरेपर्यंत शर्टावरून फिरवले, काही राहिलं नाही याची खात्री केली, आणि सावकाश आत गेले.